जागलीतलं पुस्तक

स्प्रिंकलरचं नोझल फिरताना एक ठेका धरतं. चट-चट-चट-चट, मग एक लांब फर्रर्र, आणि पुन्हा पहिल्यापासून. अशी बारा नोझलं अंधारात एकदम सुरू असली की प्रत्येकाचा ठेका जरासा पुढेमागे असतो आणि सगळं मिळून एखाद्या भजनी मंडळासारखं ऐकू येतं. डिसेंबरचा दुसरा आठवडा. हरभऱ्याचं फुलोऱ्याआधीचं पाणी. या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची पाळी आहे. लाइन दहाच्या सुमारास येते आणि सकाळी सहाला जाते. मोटर सुरू करायची, बॅटरी मारून सगळी नोझलं फिरतात का ते पाहायचं, एखाद्यात कचरा अडकला असेल तर तुरीच्या काडीनं काढायचा आणि धुऱ्यावरच्या बाजेवर येऊन बसायचं. तीन-साडेतीन तासांनी मोटर बंद करून पाइप सोडायचे, खांद्यावर घेऊन पुढच्या पट्ट्यात न्यायचे, जोडायचे. एकेक पाइप वीस फुटांचा. काळ्या मातीत पाणी मुरलं की पाय घोट्याच्या वर जातो आणि बाहेर काढताना चप्पल आतच राहते. म्हणून मी अनवाणीच जातो.

दोन पाइपपाळ्यांच्या मधला जो वेळ आहे, त्यात मी पर्सी जॅक्सन वाचतो.

'द लायटनिंग थीफ' हे त्या पुस्तकाचं नाव. रिक रायोर्डन यांनी ते लिहिलं आणि 2005 साली ते अमेरिकेत आलं. बारा वर्षांच्या एका मुलाला कळतं की आपण ग्रीक देवाचा मुलगा आहोत, आणि ते देव अजून जिवंत आहेत, न्यूयॉर्कच्या एका उंच इमारतीच्या वर राहताहेत. मुलांसाठीचं पुस्तक आहे. मी आता तिशी पार केली आहे, सोळा एकर वावर सांभाळतो, आणि वर्षातून एकदा तरी हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचतो. किती वेळा झालं ते मोजणं केव्हाच सोडलं. डोक्याला पट्ट्याची बॅटरी बांधलेली असते, अंगावर घोंगडी, आणि बोटांना हरभऱ्याची आंब. ज्यांनी रात्री हरभऱ्यातून चालून पाहिलं असेल त्यांना ती ठाऊक आहे. पानांवरच्या दवात ती आंबट खारट चव उतरते, कपडे ओले करते, हातावर कुठे चिरलेलं असेल तर झोंबते. बोट ओलं करून पान उलटायची मला सवय आहे. त्यामुळे या पुस्तकाला हरभऱ्याची चव आहे, हे मी अगदी शब्दशः सांगतो आहे.

हे पुस्तक माझ्याकडे 2010 च्या उन्हाळ्यात आलं. दहावीची परीक्षा झाली होती. नागपूरच्या मामानं बर्डीच्या फुटपाथवरून जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा घेतला होता, "अकरावीले इंग्रजी लागन, वाचत जाय" असं म्हणून. गठ्ठ्यात एक व्याकरणाचं, दोन स्पर्धा परीक्षांची, आणि हे. मुखपृष्ठ होतं, पण मागचा पुठ्ठा गेलेला होता, आणि पुठ्ठ्याबरोबर शेवटची पानंही. शेवटचं प्रकरण सुरू व्हायचं आणि दोन पानांत संपायचं. वाक्यही पूर्ण नव्हतं. हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं. शेवटापर्यंत पोचायलाच मला जून उजाडला.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मग तालुक्याच्या हायस्कूलमधून मराठीत शिकलेला मुलगा मी. इंग्रजी धडे पाठ करून पास झालो होतो, इंग्रजीत कधी काही वाचलं नव्हतं. शब्दकोश घेऊन बसायचो. पहिल्या पानाला एक अख्खी दुपार गेली. वहीत डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ. आणि मग पर्सी स्वतःबद्दल सांगतो की छापलेल्या पानावरची अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे तरंगू लागतात, जागा सोडतात. त्याला डिस्लेक्सिया असतो. शाळा त्याला ढ समजत असते. पुढे देवांच्या मुलांच्या छावणीत गेल्यावर त्याला कारण कळतं: त्याचा मेंदू इंग्रजीसाठी घडलेलाच नाही, तो प्राचीन ग्रीकसाठी घडलेला आहे. मी ते वाचून पुस्तक मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. माझी अडचण वेगळी होती, हे आज कळतं. त्या दिवशी मात्र कोणीतरी मला पहिल्यांदाच सांगत होतं की अक्षरं तरंगतात म्हणून तू कमी नाहीस, तुझी भाषा दुसरी आहे. रायोर्डन स्वतः शाळेत शिक्षक होते, आणि ही गोष्ट त्यांनी आधी आपल्या मुलाला झोपताना सांगितली होती. त्या मुलाला डिस्लेक्सिया होता. हे मला फार नंतर समजलं, पण वाचताना जाणवत होतंच की ही गोष्ट कोणातरी एका लेकरासाठी रचलेली आहे.

या प्रकारच्या कादंबऱ्यांना अर्बन फँटसी म्हणतात. नेहमीचं शहर, नेहमीच्या गल्ल्या, लिफ्ट, भुयारी रेल्वे, आणि त्यातच देव, राक्षस, जादू. शहरातल्या वाचकाला त्यातली गंमत अशी की ओळखीच्या जागेला अनोळखी तळ फुटतो. मला ती गंमत मिळालीच नाही, दुसरीच मिळाली. मी तोवर लिफ्टमध्ये पाय ठेवला नव्हता. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या लिफ्टनं सहाशेव्या मजल्यावर जायचं, तिथं ऑलिंपस. इमारतीला मजले एकशे दोन, हे मला कुठून ठाऊक असणार? सहाशे म्हणजे सहाशे. माणूस एका खोलीत उभा राहतो आणि खोलीच वर जाते, हेच मला अर्ध्या घोड्याच्या शरीराच्या मास्तराइतकं अचाट वाटत होतं. कोणती गोष्ट लेखकाच्या मनातली आणि कोणती अमेरिकेतली, हे मला वेगळं करता येत नव्हतं.

सेंट लुईस शहरातली कमान घ्या. पर्सी तिच्या टोकावर जातो, तिथं आग ओकणारा प्राणी त्याच्यावर येतो, आणि तो तिथून खाली मिसिसिपी नदीत उडी टाकतो. शहराच्या मधोमध एक रिकामी पोलादी कमान, तिच्या पोटातून माणसं डब्यात बसून वर जातात. मी ठरवून टाकलं होतं की हे लेखकानं रचलं. चार वर्षांनी हॉस्टेलवर एकानं मोबाइलवर फोटो दाखवला. ती आहे. 630 फूट उंच, 1965 साली पूर्ण झालेली, आणि आत खरोखर छोटे डबे वर जातात. त्या संध्याकाळी मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. जग गोष्टीपेक्षा लहान असतं असं आपण धरून चालतो, आणि अचानक ते गोष्टीएवढं निघतं.

पुस्तक आलं त्या वर्षी आमच्याकडे भारनियमन भयंकर होतं. संध्याकाळी सहाला लाइट गेली की अकराशिवाय येत नसे. अंगणात बाज टाकून आम्ही बसायचो: माय, मी आणि मावशी. मावशी त्या उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आली होती, आणि का आली होती हे कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तिच्या डाव्या मनगटाला बांगड्या नव्हत्या, सूज उतरेपर्यंत भरता येत नव्हत्या. दोघी कंदिलापुढं सुपात तूर निवडत बसायच्या आणि मी दिवसभरात जेवढं वाचलं तेवढं त्यांना आमच्या बोलीत सांगायचो. पर्सीची आई सॅली दोघींना फार आवडली. मिठाईच्या दुकानात काम करते, घरी गेब नावाचा नवरा आहे, दिवसभर पत्ते खेळतो, तिचे पैसे घेतो. एकदा तो म्हणतो की निळं खाणं असं काही नसतं. तेव्हापासून ती सगळं निळं करते. निळा केक, निळ्या गोळ्या. मावशीनं हे ऐकलं आणि हातातलं सूप थांबवलं. "निया रंग कुठून आणते थे?" एवढंच विचारलं तिनं. मग पुढं निवडत राहिली.

मेदुसाचं डोकं ही गोष्ट पुढं येते. त्या डोक्याकडे जो पाहील तो दगड होतो. पर्सी ते डोकं मिळवतो, आणि सगळं संपवून घरी आल्यावर ते डब्यात घालून आईजवळ ठेवतो. गेबचं काय करायचं ते तो करत नाही, आईवर सोडतो. तिचं जगणं तिनं ठरवायचं. तो डबा ठेवून निघतो, आणि त्यानंतर माझ्या पुस्तकाची पानं संपलेली.

"मंग? काय केलं तिनं डब्याचं?" मावशीनं विचारलं.

"पानंच नाई पुढचे."

ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "ठेवला असन कपाटात जपून. आपल्यापाशी हाये, येवढं मालूम असलं तरी बाईले पुरते."

मी पंधरा वर्षांचा होतो. ते वाक्य मला तेव्हा कळलं नाही, पण मी ते वहीत उजव्या बाजूला लिहून ठेवलं, जिथं शब्दांचे अर्थ लिहायचो तिथं.

चार वर्षं मी त्या अपुऱ्या पुस्तकाबरोबर राहिलो. शेवट नसल्यामुळे तो मी रोज थोडाथोडा रचायचो. छावणीत ल्यूक नावाचा मोठा मुलगा आहे, पर्सीला तलवार शिकवतो, नव्या पोरांना सांभाळून घेतो. मला मोठा भाऊ नव्हता. माझ्या शेवटात ल्यूक आणि पर्सी पुढच्या उन्हाळ्यात मिळून कुठंतरी निघायचे. नागपूरला कॉलेजात आल्यावर, 2014 साली, रूममेटच्या खोक्यात तेच पुस्तक पूर्ण सापडलं. मी जिन्यात उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण वाचलं. (ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढं जावं.) चोर ल्यूकच होता. देवांच्या राजाचं, झ्यूसचं, वज्र त्यानंच पळवलं होतं, आणि शेवटी तो पर्सीवर विंचू सोडतो. आणि सॅलीनं डबा उघडलेला असतो. गेब दगड झालेला असतो. तिनं तो पुतळा विकूनही टाकलेला असतो, त्या पैशात नवं घर आणि कॉलेजची पहिली फी.

मी त्याच जिन्यातून घरी फोन लावला. मायला म्हटलं, मावशीला द्या. मावशी तोवर गावातच, आमच्या शेजारी दोन खोल्यांत राहायला आली होती, शिवणकाम करत होती. मी सांगितलं, तिनं उघडला डबा. पलीकडून शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं केलं." आणि थोड्या वेळानं, "पैसे किती आले म्हने पुतयाचे?"

शेवटच्या प्रकरणाच्या मी झेरॉक्स काढल्या आणि दिवाळीला घरी नेल्या. मायनं दाभण घेतलं, पोत्याची सुतळी उकलून तिचा एक पदर काढला, आणि झेरॉक्सची पानं जुन्या पुस्तकाला टाचून दिली. मागून खताच्या पोत्याचा पुठ्ठ्यासारखा तुकडा लावला. आजही ते तसंच आहे. पांढरी गुळगुळीत पानं मागे, पिवळी पानं पुढे, आणि मधे सुतळीचे पाच टाके.

लोक विचारतात, आणि मनापासून विचारतात: संपलेलं पुस्तक पुन्हा काय वाचायचं? पुढं काय होणार ते माहीत आहे ना? मला आमचे आजोबा आठवतात. श्रावणात ते हरिविजयाची पोथी लावायचे. छत्तीस अध्याय, रोज ठरलेला. समोर दहा-बारा माणसं. कंस मरणार हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी ती वेळ जवळ आली की ओट्यावरचा सगळा आवाज बंद व्हायचा. आजोबांना कोणी विचारलं नाही की गेल्या वर्षी वाचली ना पोथी. पोथी पुढं काय होतं ते कळावं म्हणून लावत नाहीत. ती लावतात म्हणून श्रावण लागतो. मीही पर्सी जॅक्सन लावतो, असंच म्हणायला हवं.

आणि हो, मी पळण्यासाठीच वाचतो. हे मान्य करायला मला अवघड वाटत नाही. कापसाचा भाव, बँकेचा हप्ता, 2017 ची बोंडअळी, जेव्हा बोंड फोडावं आणि आत गुलाबी अळी निघावी असं एकामागून एक वावर गेलं. यातून माणसाला चार तास बाहेर जायला जागा लागते. गावात काहींची ती जागा दारूच्या दुकानामागे आहे. माझी लाँग आयलंडवर आहे, एका टेकडीच्या पलीकडे, जिथं पाइनचं झाड उभं आहे आणि आत राक्षस येऊ शकत नाही.

पण एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. त्या कादंबरीतले देव ग्रीसमधून उठून अमेरिकेत गेले आहेत, कारण जिथं त्या संस्कृतीची सत्ता तिथं ते मुक्काम हलवतात. सामान्य माणसांच्या डोळ्यांवर धुकं असतं, म्हणून त्यांना समोरचा राक्षस राक्षस दिसत नाही, कुत्रा किंवा ट्रक दिसतो. पुस्तकातून मान वर करून मी आमच्याकडे पाहिलं की वाटतं, आमचे देव कुठं गेलेच नाहीत. नाल्याच्या काठी निंबाखाली मातामाय आहे, शेंदराचे चार दगड. तिला सहाशे मजले लागत नाहीत. विहिरीत आसरा आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं मारबत घेऊन शिवेवर जातात आणि ओरडतात, "ईडा, पिडा घेऊन जा गे मारबत." आणि धुक्याऐवजी आमच्याकडे चकवा आहे. पर्सीच्या जगात धुकं अचाट गोष्ट साधी करून दाखवतं. चकवा उलटा. तो रोजची पायवाट अनोळखी करतो. आजोबांना एकदा चकवा लागला होता असं आजी सांगायची. रात्रभर ते आपल्याच वावराला फेऱ्या घालत राहिले, घर दोन हाका मारण्याइतकं जवळ. आजी म्हणायची, अशा वेळी चालायचं नाही, जागेवर बसायचं, बिडी पेटवायची, आणि उजाडू द्यायचं. रात्री पाण्यावर असताना कधी सगळी वावरं सारखी दिसायला लागतात, कोणत्या पट्ट्यात पाइप टाकला तेच कळेनासं होतं. तेव्हा मी बसतो. बिडी ओढत नाही, दोन पानं वाचतो.

पुस्तकानं मला एकदा दगा दिला, तेही लिहिलं पाहिजे. 2018 साल. मी पुण्यात कामाला होतो, एका खोलीत तिघं. आमचा तालुका राळेगाव, यवतमाळ जिल्ह्यातला. त्या काळात आमच्या भागाचं नाव रोज बातम्यांत असायचं, ते टी-वन वाघिणीमुळे, जिला बाहेरचे लोक अवनी म्हणत. दोन वर्षांत तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर धरले गेले होते. ऑक्टोबर म्हणजे वेचणीचा हंगाम, कापूस झाडावर थांबत नाही. माय दहा-पंधरा बायांबरोबर वेचायला जायची, पुढं एक माणूस डबा वाजवत, मागं एक काठी घेऊन. मी फोनवर म्हणायचो, राहू दे यंदा. वेचणी सुरू करतानाची वावरातली पूजा, सीतादही, होऊन गेली होती. ती म्हणायची, "सीतादही झालं बाबू आपलं, आता कसा सोडतं कापूस?"

त्या दिवसांत एका रात्री झोप येईना म्हणून मी पुस्तक काढलं. चौथ्या प्रकरणात पावसातून गाडी टेकडीकडे जाते आणि मागून बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर येतो. पर्सीच्या आईला तो धरतो आणि ती सोनेरी उजेडात नाहीशी होते. हे मी कितीदा तरी वाचलं होतं. त्या रात्री मला ते पान उलटता आलं नाही. पुस्तक बंद करून मी गॅलरीत उभा राहिलो. पळायला जी जागा होती तिच्याच दारात मायवर काहीतरी चालून येत होतं. 2 नोव्हेंबरच्या रात्री वाघिणीला गोळी घातल्याची बातमी आली. मी मायला फोन केला. मला वाटलं ती सुटल्यासारखी बोलेल. ती म्हणाली, "झालं बाबू. पन दोन पिल्लं हायेत ना तिचे. थे आता काय करतीन?" त्यानंतर वर्षभर मी ते पुस्तक उघडलं नाही.

लोटस कॅसिनोचं प्रकरण मला आधी नुसतं मजेचं वाटायचं. लास वेगासला तिघं मुलं एका हॉटेलात शिरतात. हवे ते खेळ, हवं ते खाणं, कोणी पैसे मागत नाही. पर्सीला वाटतं दोन-चार तास झाले असतील. मग एका मुलाला तो सहज विचारतो की आता कोणतं वर्ष आहे, आणि तो मुलगा सांगतो, 1977. तेव्हा पर्सीच्या पोटात गोळा येतो. ओढून काढावं तसं तो दोघांना बाहेर काढतो. बाहेर पाच दिवस उलटून गेलेले असतात. मी पुण्याला गेलो 2016 मध्ये. 2019 च्या मार्चमध्ये बाबा गेले, झोपेतच, आणि मी पोचेपर्यंत अंगण झाडून झालं होतं. दिवस करून परत पुण्याला गेलो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घरी आलो तेव्हा कोठ्यात बैल नव्हते. विकून सात महिने झाले होते. मायनं मला सांगितलं नव्हतं, "तुह्या डोक्याले ताप कायले" म्हणून. रिकाम्या कोठ्यात दावी खुंटीला गुंडाळून ठेवलेली होती, नीट, जणू उद्या लागणार आहेत. मी तिथं उभा राहून मनातल्या मनात वर्षं मोजली. पुण्यात मला वर्षं मोजावी लागली नव्हती, पगाराची तारीख तेवढी मोजत होतो.

पुस्तकात पळून जाणाऱ्यांना लोक म्हणतात की तुम्ही कॅसिनोत बसलात. मला उलट अनुभव आला. कोणतं वर्ष आहे हे विचारायचं मी त्या पुस्तकातूनच शिकलो. आणि इथं तर वाचनाला नोझलचा पहारा आहे. साडेतीन तास झाले की उठावंच लागतं, नाहीतर एका पट्ट्यात पाणी साचून हरभरा पिवळा पडतो.

शेवटच्या प्रकरणात, त्या झेरॉक्सच्या पानांत, छावणीतून सगळ्या मुलांना एक सूचना येते. वर्षभर इथंच राहणार असाल तर आज दुपारी बारापर्यंत कळवा. बाहेर राक्षस आहेत, शाळा आहे, आई आहे. आत टेकडी आहे, मित्र आहेत, काही होणार नाही. पर्सी बराच वेळ ठरवू शकत नाही, आणि मग घरी जातो, आईकडे, नव्या शाळेत. म्हणतो, उन्हाळ्यात येईन. जिन्यात उभा राहून वाचलं तेव्हा मला तो मूर्खपणा वाटला होता. एवढी जागा मिळाल्यावर कोण सोडतं? 2020 च्या जूनमध्ये कंपनीनं परत बोलावलं. मी तीन दिवस फोन उचलला नाही, चौथ्या दिवशी तुरीचं बियाणं आणायला राळेगावला गेलो, आणि येताना धुऱ्यावरून फोन करून नाही म्हटलं. त्या वेळी माझ्या डोक्यात पर्सी होता असं म्हणता येणार नाही. पाऊस दोन दिवसांवर होता, तो डोक्यात होता.

आता वाचताना कधी कधी मी टाक्यांपाशी थांबतो. पिवळी पानं संपतात, वाक्य अर्धं राहतं, आणि मी पुस्तक मिटतो. तिथं ल्यूक अजून चांगला आहे, सॅलीचा डबा अजून कपाटात आहे, आणि मावशी कंदिलापाशी तूर निवडते आहे. दुसऱ्या खेपेला मी पांढरी पानंही वाचतो. कोणत्या वर्षी काय करीन ते आधी सांगता येत नाही.

काल रात्री दीडला पाइप बदलले. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप नाल्याकडून आला होता, बॅटरीच्या उजेडात दहा-बारा हिरवे डोळे, मी हाक दिली तशी निघून गेली. परत येऊन घोंगडी घेतली आणि लास वेगासचं प्रकरण काढलं. पाचच्या सुमारास पुन्हा पाइप. सहाला लाइन गेली. नोझलं एकदम थांबत नाहीत. पाण्याचा जोर उतरतो तसतसा एकेकाचा ठेका मंद होतो, लांबचं आधी थांबतं, विहिरीजवळचं शेवटी, आणि मग हरभऱ्यावरून थेंब पडल्याचा आवाज तेवढा उरतो.

घरी आलो तेव्हा माय चुलीपाशी होती. माझ्या हातातलं पुस्तक पाहून तिनं भांड्यात अजून एक कप पाणी टाकलं.

"कुठवर आलं?"

"हॉटेलात शिरलेत थे."

"मंग, निंघाले का तिथून?"

"निंघाले."

"किती दिवस गेले?"

"पाच."

"पाचच ना," ती म्हणाली, आणि चहात गूळ टाकला.